सेव्हन एमएम, थ्री हंड्रेड की थ्री थर्टी-एट: मॅग्नम रायफल निवडतानाचे माझे आठ महिने

मागच्या सीझनमधे शेवटून दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायला अर्धा तास असताना, घळीच्या पलीकडच्या उतारावर एक बुल एल्क, म्हणजे मोठ्या जातीच्या हरणाचा नर, येऊन उभा राहिला. पूर्ण आडवा, निवांत, रेंजफाइंडरवर ३८२ यार्ड. माझ्याकडे माझी नेहमीची थर्टी-ऑट-सिक्स रायफल होती, बारा वर्षं वापरलेली, हातात बसलेली. मी दोनदा नेम धरला आणि दोनदा सोडला. घळीतून वारा आडवा येत होता, गोळी तिथपर्यंत जाताना किती खाली पडेल याचा आकडा डोक्यात होता पण वाऱ्याने किती सरकेल ते खात्रीने माहीत नव्हतं, आणि तीनशे-साडेतीनशे किलोचं जनावर पोटात गोळी घेऊन अंधारात निघून जाईल या विचारानेच बोट चापावरून काढलं. नाही झाडली गोळी. ते बरोबरच केलं असं आजही वाटतं. पण तंबूपर्यंत चालत येईतो डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस झाडणारी रायफल, असती तर.

तिथून पुढचे आठ महिने मी याच एका गोष्टीच्या मागे होतो.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, म्हणजे आकडे काढले. गोळीची ऊर्जा काढायचं गणित सोपं आहे, वेग फूट प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, गोळीच्या ग्रेनमधल्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) वजनाने गुणायचा आणि ४,५०,२४० ने भागायचं, उत्तर फूट-पौंडात. माझी ऑट-सिक्स १८० ग्रेनची गोळी २७०० च्या वेगाने फेकते म्हणजे साधारण २९०० फूट-पौंड. सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम १६० ग्रेन २९५० ने, म्हणजे ३१०० च्या जवळ. थ्री हंड्रेड विन्चेस्टर मॅग्नम १८० ग्रेन २९६० ने, ३५००. थ्री थर्टी-एट विन्चेस्टर मॅग्नम २२५ ग्रेन २८०० ने, ३९०० च्या वर. आणि थ्री सेव्हंटी-फाइव्ह एच अँड एच ३०० ग्रेन २५३० ने, ४२६० च्या आसपास. हे आकडे एकाखाली एक लिहिले की माणसाचा हात आपोआप खालच्या ओळीकडे जातो. माझाही गेला. थ्री सेव्हंटी-फाइव्ह मी लगेच बाजूला ठेवली कारण ती रेडा, हत्ती, सिंह असल्या अंगावर येणाऱ्या जनावरांसाठीची आहे, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत अशा शिकारीला तीच किमान कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, धरतात, आणि माझं काम एल्कचं, कधी नशिबाने टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागला तर मूसचं, एल्कहूनही मोठ्या हरणाचं. मग उरलं काय तर थ्री थर्टी-एट. मनात मी ती घेऊनच टाकली होती.

ही सगळी मॅग्नम काडतुसं एकाच घरातली आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मधे थ्री सेव्हंटी-फाइव्ह काढली, तिचा खांदा, म्हणजे काडतूस पुढे निमुळतं होतं तो भाग, इतका उतरता होता की काडतूस चेंबरमधे, नळीच्या मागच्या खोबणीत, नेमकं कुठे थांबावं हे त्या खांद्यावर ठरवता येत नव्हतं, म्हणून बुडाशी पट्टा दिला. पुढे विन्चेस्टरने तीच केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, आखूड करून १९५८ ला थ्री थर्टी-एट काढली, रेमिंग्टनने १९६२ ला सेव्हन एमएम आणली, आणि १९६३ ला विन्चेस्टरची थ्री हंड्रेड आली. या तिघींचा खांदा चांगला उभा आहे, पट्ट्याची तशी गरजच नाही, तो घराण्याची खूण म्हणून राहिलाय एवढंच. पट्टा म्हणजे जास्त मजबुती असं पुष्कळ जण मानतात, मीही मानायचो, ते चूक आहे. हँडलोडिंग करणाऱ्याने, म्हणजे वापरलेली केस घरी पुन्हा भरणाऱ्याने, तर काडतूस खांद्यावरच बसेल असं साइझ करावं, नाहीतर पट्ट्याच्या वरच्या बाजूला केस ताणली जाते आणि तीन-चार वेळा भरल्यावर तिथेच चिरते.

आता खरी गोष्ट. आमच्या रेंजवर एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, चाळीस वर्षं शिकार केलेली. त्यांना मी माझा बेत सांगितला. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पुढच्या रविवारी ये, माझी थ्री थर्टी-एट आणतो, वीस गोळ्या झाड, मग बोलू."

रविवारी गेलो. रायफल स्कोपसकट साडेआठ पौंडांची, दस्त्याला जाड रबरी पॅड. पहिली गोळी झाडली आणि मला वाटलं, अरे, एवढंच? दुसरी, तिसरी, शंभर यार्डवर तीनही गोळ्या दीड इंचात. चौथी जरा उजवीकडे गेली. पाचवी खाली. आठव्या गोळीपर्यंत ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा पसारा, पाच इंचांचा झाला होता आणि मी दोष बेंचला, सँडबॅगला, वाऱ्याला देत होतो. काका म्हणाले, "आता तू भरू नकोस, मी भरून देतो, तू फक्त झाड." पाठ करून त्यांनी बोल्ट लावला आणि रायफल हातात दिली. मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं टक झालं. त्यांनी आत डमी काडतूस घातलं होतं. धक्का काहीच नव्हता, तरी नळीचं तोंड चांगलं हातभर खाली गेलं, माझे डोळे मिटलेले, खांदा पुढे आलेला. मागे उभ्या असलेल्या दोघांनीही ते बघितलं. धक्क्याच्या धास्तीने अंग आधीच दचकतं, त्याला फ्लिंच म्हणतात. मला जे कळायचं ते त्या एका टक आवाजात कळलं.

काका म्हणाले, "अरे, बारा वर्षं झाडतोयस म्हणून फ्लिंच होत नाही असं नसतं. ऑट-सिक्सला तुझं अंग सरावलंय. याला नाही."

मग मी विचार केला की ठीक आहे, एक पायरी खाली येऊ, थ्री हंड्रेड घेऊ. एका मित्राकडे होती, नवी, डोंगरात उचलून न्यायला खास हलकी बनवलेली, कार्बन फायबरचा दस्ता, बारीक नळी, स्कोपसकट जेमतेम सात पौंड. कॅलिबर लहान म्हणजे दणका कमी असणार असं गृहीत धरून मी बसलो आणि तिसऱ्याच गोळीला स्कोपची कड भुवईवर बसली. रक्त आलं, चंद्रकोरीसारखी खूण अजून आहे. मला पटेना, थ्री थर्टी-एट एवढी लागली नव्हती. घरी येऊन मी धक्क्याचं गणित मांडलं आणि हे आधी करायला हवं होतं.

गोळी आणि दारूचा वायू पुढे जातो तेवढाच संवेग रायफल मागे घेते. तो संवेग ठरलेला असेल तर रायफल जितकी हलकी तितका तिचा वेग जास्त आणि खांद्यावर येणारी ऊर्जा जास्त. साडेआठ पौंडांच्या रायफलमधे थ्री हंड्रेडचा धक्का २८ फूट-पौंडांच्या आसपास निघाला. तीच थ्री हंड्रेड सात पौंडांच्या रायफलमधे घातली तर ३३-३४. आणि काकांची साडेआठ पौंडांची थ्री थर्टी-एट? तीही ३४. म्हणजे मी कॅलिबरची एक पायरी उतरलो आणि वजनाची पायरी उतरून पुन्हा त्याच जागी पोचलो. शिवाय हलकी रायफल जास्त वेगाने मागे येते, तो झटका आकड्यात दिसतो त्याहून बोचरा लागतो. सेव्हन एमएमचा आकडा साडेआठ पौंडांना २२ आला, आणि माझी आठ पौंडांची ऑट-सिक्स, जी मी बारा वर्षं न कुरकुरता झाडतोय, तिचाही २२ च. हा कागद मी जपून ठेवलाय. तोपर्यंत मी एक नंबर निवडत होतो, नळीवर कोरलेला. त्या कागदानंतर मला कळलं की कॅलिबर, रायफलचं वजन आणि गोळी हे तीन वेगवेगळे निर्णय नाहीतच, तिन्ही एकदम घ्यावे लागतात, आणि दुकानात मात्र तुम्हाला पहिलाच विचारतात.

मझल ब्रेकचा, म्हणजे नळीच्या तोंडाला लावून वायू बाजूला वळवणाऱ्या तुकड्याचा, सल्ला मला चार जणांनी दिला. ब्रेक लावला की धक्का खरंच खूप कमी होतो, त्यात वाद नाही. पण रायफलचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या घरात असतो आणि अशा अचानक आवाजाला १४० च्या वर कानाला कायमची इजा होऊ शकते, ब्रेक तो आवाज बाजूला आणि मागे फेकतो. रेंजवर मी आत प्लग आणि वर मफ असं दोन्ही घालतो. डोंगरात एल्कची शीळ ऐकायची असते, बरोबरच्या माणसाशी कुजबुजायचं असतं, तिथे ऐन वेळी कान झाकायला कोणी थांबत नाही. माझ्या शेजारी गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाचं मी काय करणार? त्यामुळे ब्रेक नाही, हे मी ठाम ठरवलं. जिथे सप्रेसर, आवाज दाबणारं नळकांडं, कायद्याने चालतो तिथे तो लावावा, धक्काही कमी आणि आवाजही कमी, फक्त नळी लांब होते.

मधले दोन महिने मी मॅग्नमला हातच लावला नाही. काकांच्या सांगण्यावरून पॉइंट टू-टू, अगदी हलक्या धक्क्याची छोटी रायफल, घेऊन बसलो, आठवड्याला शंभरेक गोळ्या, त्यातल्या बऱ्याचशा गुडघ्यावर बसून आणि उभं राहून, घरी रोज वीस वेळा रिकामा चाप ओढायचा, रायफल तीनतीनदा तपासून, आणि क्रॉसहेअर हलते का बघायचं. मग ऑट-सिक्समधे मित्राकडून डमी मिसळून भरून घ्यायची. फ्लिंच जायला वेळ लागतो, आला मात्र आठ गोळ्यांत होता. ज्याला मॅग्नम घ्यायचीय त्याने घेण्याआधी हे करावं असं मी मनापासून सांगेन, नंतर नाही.

या काळात गोळ्यांबद्दल वाचत गेलो आणि कॅलिबरबद्दलचा माझा अर्धा हट्ट तिथेच गळून पडला. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाची हकिगत आहे. १९४६ मधे तो थ्री हंड्रेड एच अँड एच घेऊन मूसच्या शिकारीला गेला होता. मूस चिखलात लोळलेला, अंगावर वाळलेल्या चिखलाचं कवच, आणि त्याच्या वेगवान गोळ्या वरवरच फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. काडतूस पुरेसं ताकदवान होतं, उलट त्या जोरानेच गोळीचा भुगा केला. त्यातून त्याने मधे तांब्याचा आडवा पडदा असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुटून पसरतो, पडद्यामागचा भाग शाबूत राहून आत जात राहतो. १९४८ पासून ती पार्टिशन नावाने विकली जातेय. मॅग्नम घेणाऱ्याने हे नीट समजून घ्यायला हवं कारण आपण वेग विकत घेतो तेव्हा हीच अडचणसुद्धा विकत घेतो. साठ यार्डवर अचानक एल्क समोर आला आणि खांद्याच्या हाडावर तीन हजाराच्या वेगाने साधी शिसं-तांब्याची गोळी बसली तर ती तिथेच विखरू शकते, मांसाची नासाडी वेगळी. म्हणून मॅग्नममधे बॉन्डेड (शिसं वरच्या तांब्याला पक्कं जोडलेली), पार्टिशन, नाहीतर अख्खी तांब्याची. तांब्याच्या गोळीचा मला आणखी एक मुद्दा पटतो, आपण सोडून आलेल्या आतड्यांतून शिशाचे कण गिधाडं-गरुडांच्या पोटात जातात, कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे.

आणि वारा. ज्या वाऱ्याने मला त्या संध्याकाळी थांबवलं त्याचा हिशोब केला तर मला धक्काच बसला. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, चारशे यार्ड. माझी ऑट-सिक्स त्या दिवशी सपाट बुडाच्या जुन्या घडणीच्या गोळ्यांनी भरलेली होती. त्याच रायफलमधे लांब, निमुळती, बुडाला उतार दिलेली गोळी भरली असती तर गोळीचं सरकणं चार-पाच इंचांनी कमी झालं असतं. तीच निमुळती गोळी दोन्हीकडे भरून ऑट-सिक्सवरून थ्री हंड्रेडवर गेलो तर फायदा एखाद-दोन इंचांचा. खाली पडण्याचंही बघा, २०० यार्डवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी येईल अशी लावलेली, ऑट-सिक्स चारशेला दोन फूट खाली जाते, थ्री हंड्रेड आणि सेव्हन एमएम दोन्ही दीड फुटाहून थोडं जास्त, एकमेकींत इंचाचाही फरक नाही. थ्री थर्टी-एट यांच्याही खाली, एकवीस इंचाच्या आसपास. ज्या कारणासाठी मी ती घ्यायला निघालो होतो, म्हणजे लांबचा नेम, त्यात ती तिघींत मागे होती! तिचं काम वेगळं आहे, जवळून, दाट झाडीत, मोठं अस्वल किंवा मूस, जाड हाडं फोडून पार जाणारी जड गोळी. त्या कामाला ती फार सुंदर काडतूस आहे आणि तो धक्का सोसणारे लोक आहेत, काका आहेत.

उरल्या दोन. मधे काही दिवस नवीन काडतुसांचाही मोह झाला. २०२२ ला हॉर्नडीने सेव्हन एमएम पीआरसी काढली, पट्टा नाही, नळीच्या आतल्या खाचांचा पीळ आठ इंचाला एक वेढा, त्यामुळे लांब जड गोळ्या छान स्थिर राहतात, कागदावर ती सेव्हन एमएम मॅगपेक्षा नीट विचार करून बनवलेली आहे हे मी मान्य करतो. सेव्हन एमएम मॅगचा पीळ साधारण साडेनऊला एक, ती १७५ ग्रेनच्या पुढच्या लांबुळक्या गोळ्यांना पुरत नाही. पण मी सहाशे-आठशे यार्डवर जिवंत जनावरावर गोळी झाडणार नाही, मग तो पीळ मला कशाला? आणि साठ वर्षं जुन्या काडतुसाच्या गोळ्या आडगावच्या दुकानातही सापडतात. एकदा प्रवासात माझी दारूगोळ्याची पेटी हरवली होती तेव्हा ऑट-सिक्स होती म्हणून शिकार वाचली, तो कानाला खडा आहे.

थ्री हंड्रेड की सेव्हन यावर मी खरंच महिनाभर घोळ घातला. थ्री हंड्रेडच्या बाजूने ४०० फूट-पौंड जास्त, २०० ग्रेनची गोळी घालता येते, मूसला ती मी डोळे झाकून निवडली असती. तिची मान, म्हणजे काडतुसाचा गोळी धरणारा भाग, मात्र आखूड, ०.२६४ इंच, गोळीच्या व्यासापेक्षाही कमी, लांब गोळी खोल बसवावी लागते आणि दारूची जागा खाते, भरणाऱ्याला थोडी कटकट. सेव्हनच्या बाजूने तो २२ चा आकडा. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटला कुठली रायफल भेट मिळाली होती माहितीये ना? टू सेव्हंटी-फाइव्ह रिग्बी. म्हणजे सेव्हन बाय फिफ्टी-सेव्हन. तुझ्या सेव्हन मॅगच्या गोळीचा व्यास तोच, वेग कितीतरी जास्त." मी म्हटलं, काका, आफ्रिकेतल्या त्या हत्तींच्या शिकारी बेलनेही सेव्हन एमएमने शेकड्यांनी हत्ती मारले म्हणून कोणी आज हत्तीवर ती नेत नाही. ते म्हणाले, "बरोबर. पण तो नेऊ शकत होता कारण गोळी कुठे जाणार ते त्याला माहीत होतं. तुला कुठल्या रायफलीने माहीत असतं, ते सांग."

मग शेवटची परीक्षा मी अशी केली. दोन्ही रायफली स्कोपसकट साडेआठ पौंडांच्या, एक उसनी, एक रेंजची. बेंच नाही. शंभर मीटर पळायचं, मग तीस सेकंदांत गुडघ्यावर बसून २०० यार्डवरच्या दहा इंची ताटलीवर एक गोळी. असं दहा वेळा, चार वेगवेगळ्या दिवशी, एकाआड एक, आणि मधे मित्र डमी मिसळणार. थ्री हंड्रेडने चाळीसपैकी सव्वीस बसल्या. सेव्हनने तेहतीस. डमीवर थ्री हंड्रेडची नळी अजून किंचित खाली जायची, सेव्हनची नाही. दुसऱ्याचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत, उंच धिप्पाड माणसाला कदाचित उलटेही येतील. माझे हे आले.

सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम घेतली. चोवीस इंची नळी, त्याहून आखूड केली तर मॅग्नमचा वेगच हातचा जातो आणि नुसता भडका उरतो. दस्ता माझ्या मापाला कापून घेतला, स्कोप चार इंच डोळ्यापासून दूर राहील असा बसवला, १६० ग्रेनच्या बॉन्डेड गोळ्या. आतापर्यंत एकशेचाळीस झाडल्यात, दर वेळी तीन गोळ्या झाल्या की नळी थंड होऊ देतो, आणि थंड नळीतली पहिली गोळी कुठे जाते ते वेगळ्या वहीत लिहितो कारण डोंगरात तीच एक मोजायची असते. दस्त्यावर एक छोटं कार्ड चिकटवलंय, ३०० ला साडेसहा इंच, ३५० ला बारा, ४०० ला एकोणीस, हे सगळं स्वतः झाडून पडताळलेलं, टेबलावरून उतरवलेलं नाही.

त्याच कार्डाखाली लाल शाईने माझी हद्द लिहिलीय. उभं राहून १००. गुडघ्यावर २५०. पाठपिशवीवर रायफल टेकवून, आडवं पडून, वारा दहा मैलांच्या आत असेल तर ४००. सीझनला सहा आठवडे आहेत. काकांनी कार्ड बघितलं आणि विचारलं, मागच्या वर्षीचा बुल तसाच घळीपलीकडे उभा राहिला तर काय करशील? मी म्हटलं, आडवं पडायला जागा आणि वेळ मिळाला तर झाडीन. नाही मिळाला तर दुर्बिणीतून बघत बसेन. त्यांनी कार्ड परत दिलं आणि डमी काडतुसांची डबी माझ्याकडे सरकवली.